शेवाळीने ताब्यात घेतलेले उपवन

क्योतो शहराच्या पश्चिम अंगाला, जेथे घरांची दाटी विरळ होत होत डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबते, त्या मात्सुओ भागात एका ओढ्याच्या काठी साइहो-जी नावाचे झेन पंथाचे देवालय आहे. हे नाव दफ्तरी खरे. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘कोके-देरा’, म्हणजे शेवाळीचे देऊळ, याच नावाने वावरते. शेवाळी म्हणजे डबक्यावर तरंगणारे निसरडे शेवाळ नव्हे. श्रावणात गडाच्या तटावर, विहिरीच्या कठड्यावर आणि जुन्या कौलांच्या सांध्यांत जी मखमली हिरवाई धरते आणि वनस्पतिशास्त्राचे ग्रंथ जिला हरिता म्हणतात, ती. देवळाच्या सुमारे साडेतीन हेक्टरांच्या आवारात तिच्या एकशेवीसच्या आसपास जाती नांदतात, आणि झाडांच्या बुंध्यांवर, शिळांवर, तळ्यातील बेटांवर व पुलांच्या कडांवर तिने इतके निर्विवाद स्वामित्व मिळवले आहे की उघडी माती पाहू गेले तर ती पाऊलवाटेखेरीज क्वचितच दृष्टीस पडते.

जपानी उद्यानकलेचा परिपाक म्हणून ज्या बागेची छायाचित्रे जगभर छापली जातात आणि जिच्या शांततेचे श्रेय तिच्या कर्त्या आचार्याला सढळ हाताने दिले जाते, त्या बागेत ही शेवाळी कोणी लावली, असे विचारले असता मिळणारे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. ती कोणीही लावली नाही. चौदाव्या शतकात ज्याने हे उपवन रचले त्याच्या योजनेत तिला स्थान नव्हते. युद्ध, महापूर, दारिद्र्य आणि कारभाऱ्यांची हतबलता यांच्या संगनमताने ती पुढे कधीतरी आत शिरली आणि तिला हुसकावून लावण्याइतके द्रव्य व मनुष्यबळ देवळापाशी नव्हते म्हणून राहिली. पुढे तिच्यामुळेच देवळाला कीर्ती मिळाली. या उपवनाचा इतिहास लिहायचा म्हणजे एका माणसाच्या प्रतिभेचे चरित्र लिहून भागत नाही. त्या प्रतिभेचे काळाने काय केले याचाही ताळेबंद मांडावा लागतो, आणि मला तर हा दुसरा भाग पहिल्याहून अधिक मनोवेधक वाटतो.

स्थळाची परंपरा फार जुनी सांगतात. राजपुत्र शोतोकूचा येथे वाडा होता आणि आठव्या शतकात भिक्षू ग्योकी याने त्याचे देवालय केले, अशी आख्यायिका आहे. अशा आख्यायिका जपानात गावोगाव आहेत, आणि रस्ते, पूल व पाटबंधारे बांधत हिंडणाऱ्या या लोकप्रिय भिक्षूच्या नावावर इतकी देवळे चढवलेली आहेत की त्यांतील प्रत्येक खरे मानायचे तर त्याला तीन जन्म घ्यावे लागले असते. तथापि ग्योकी ही व्यक्ती ऐतिहासिक आहे, आणि भारतीय वाचकाने तिची ओळख ठेवावी असे एक कारणही आहे: ७३६ साली बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू समुद्रमार्गे नानिवा बंदरात उतरला तेव्हा त्याच्या स्वागतास हाच ग्योकी गेला होता. पुढे ७५२ साली नारा येथील तोदाइ-जीच्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेनाच्या हस्ते झाला; ग्योकी मात्र तो पाहण्यास हयात नव्हता.

बाराव्या-तेराव्या शतकांत हे स्थळ अमिताभाच्या उपासकांकडे होते. त्यांनी आवाराचे दोन भाग पाडले होते: सखल भागात तळ्याकाठी सुखावती, म्हणजे अमिताभाची पश्चिमेकडील पवित्र भूमी, आणि वर डोंगरउतारावर ‘एदो-जी’, म्हणजे मलिन भूमीचे, आपल्या या दुःखमय संसाराचे देऊळ. खाली स्वर्ग आणि वर संसार ही मांडणी आपल्या कल्पनेच्या नेमकी उलट आहे; पण पाणी खाली होते आणि वर खडक व जुनी थडगी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा उलगडा होतो. वरच्या भागातील शिळांपैकी काही पुरातन दफनटेकड्यांतून उचललेल्या असाव्यात, असे काही अभ्यासकांचे अनुमान आहे.

१३३९ साली देवालय मोडकळीस आले होते. शेजारच्या मात्सुओ देवस्थानचा मुख्य पुजारी फुजिवारा नो चिकाहिदे याने त्याच्या जीर्णोद्धारासाठी मुसो सोसेकी या झेन आचार्याला पाचारण केले. शिंतो देवस्थानच्या पुजाऱ्याने बौद्ध मठ झेन पंथीयांच्या हवाली करावा यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही. मुसोने देवळाच्या नावातील एक अक्षर बदलले, उच्चार तोच ठेवला, आणि कामाला हात घातला. तेव्हा त्याचे वय चौसष्टच्या घरात होते.

मुसो हा माणूस सहज उकलणारा नाही. १२७५ साली इसे प्रांतात त्याचा जन्म झाला. मंत्रमार्गी पंथांत त्याचे आरंभीचे शिक्षण झाले, मग तो झेनकडे वळला, आणि पुढची कित्येक वर्षे एका आश्रमातून दुसऱ्या आश्रमात, डोंगरातून समुद्रकाठी आणि समुद्रकाठाहून पुन्हा डोंगरात असा फिरत राहिला. एकांताची ओढ खरी. पण तो जेथे जाई तेथे शिष्यांची रीघ लागे आणि पाठोपाठ सत्ताधीशांची बोलावणी येत. कामाकुराचे होजो सत्ताधीश, सम्राट गो-दाइगो, आणि गो-दाइगोविरुद्ध बंड करून शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झालेला आशिकागा ताकाउजी, या परस्परांच्या वैऱ्यांनी एकामागून एक त्याला गुरुस्थानी मानले. एकूण सात सम्राटांनी त्याला ‘राष्ट्रगुरू’ ही सन्मानदर्शक पदवी दिली, त्यांतील काहींनी मरणोत्तर. चहूकडे राज्ये उलथत असता ज्याचे आसन ढळत नाही अशा पुरुषास संत म्हणावे की निष्णात मुत्सद्दी, असा प्रश्न त्याच्या समकालीनांनाही पडला असल्यास नवल नाही. मला वाटते तो दोन्ही होता, आणि एकाने दुसऱ्याला बाध येऊ दिला नाही हेच त्याचे वैशिष्ट्य.

साइहो-जीचे काम सुरू झाले त्याच वर्षी गो-दाइगो योशिनोच्या डोंगरात, हरलेला आणि हद्दपार, मरण पावला. त्याच्या अतृप्त आत्म्याचे शमन व्हावे म्हणून ताकाउजीने मुसोच्या सल्ल्याने क्योतोच्या पश्चिमेलाच तेन्ऱ्यू-जी हे भव्य देवालय उभारण्याची तजवीज केली. पैसा अपुरा पडला, तेव्हा चीनशी व्यापार करण्यासाठी एक जहाज पाठवून त्याच्या नफ्यातून बांधकाम पुरे करण्याची युक्ती निघाली. त्या देवळाचे तळे व त्यामागील धबधब्याच्या शिळाही मुसोच्याच नावावर आहेत. एकाच सुमारास एक माणूस एकीकडे दरबारी खर्चाचे प्रचंड काम चालवीत होता आणि दुसरीकडे साइहो-जीच्या डोंगरउतारावर दगडांची अशी रचना करीत होता की जिला दरबारी वैभवाचा वाराही लागलेला नाही.

खालच्या बागेतील तळ्याला सुवर्णसरोवर म्हणतात. त्याच्या काठाचे वळण हृदय या अर्थाच्या चिनी अक्षरासारखे आहे असे मार्गदर्शक सांगतात. चालत फिरणाऱ्याला ते दिसणे शक्य नाही आणि आकाशातून पाहणाऱ्यालाही थोडी श्रद्धा बाळगावी लागेल. तळ्यात बेटे आहेत, बेटांना जोडणारे पूल आहेत, आणि एका ठिकाणी पाण्यातून डोके काढलेल्या दगडांच्या सरळ ओळी आहेत. त्यांना ‘रात्री नांगरलेली गलबते’ असे नाव आहे. रात्रभर बंदरात थांबून सकाळी अमरद्वीपाच्या शोधास निघणाऱ्या नौकांचे ते प्रतीक, असा एक अर्थ लावतात. आणि पाण्यावर उभ्या असलेल्या एखाद्या मंडपाचे ते पायाचे दगड होते, असा दुसरा. दुसरा अर्थ रुक्ष असला तरी अविश्वसनीय नाही, कारण मुसोच्या काळी या तळ्याभोवती बऱ्याच इमारती होत्या. त्यांत रुरी-देन नावाचा दुमजली मंडप मुख्य. त्याच्या वरच्या मजल्यावर बुद्धाचे अवशेष ठेवलेले होते. तळ्यात नौका फिरत, काठावर पांढरी वाळू पसरलेली असे, आणि वसंतात चेरीच्या झाडांना बहर आला म्हणजे सम्राट व शोगुन सपरिवार तेथे येत. चौदाव्या शतकातील साइहो-जी उजेडाची, शुभ्रतेची, नौकाविहाराची आणि फुलांची बाग होती, हे आजच्या दाट हिरव्या छायेत उभे राहून ध्यानात आणणे कठीण जाते.

वरची बाग निराळी. एका साध्या दरवाजातून आत शिरून दगडी पायऱ्या चढून गेले की पाणी संपते. उतारावर, झाडांच्या मुळांमधून, मोठमोठ्या शिळांचा तीन टप्प्यांत उतरत आलेला एक प्रपात आहे, आणि त्यात पाण्याचा थेंब नाही. शिळांचे माथे बहुतांशी सपाट, कडा कोरीव वाटाव्या इतक्या स्पष्ट, आणि एकीचा भार दुसरीवर असा टाकलेला की प्रवाहाने त्या लोटत आणल्या आणि प्रवाह आटल्यावर त्या जेथल्या तेथे थबकल्या असा भास व्हावा. जवळच एक सपाट शिळा आहे. तीवर बसून मुसो ध्यान करी असे सांगतात. पाण्यावाचून दगडांनीच पाणी सुचवण्याची कल्पना मुसोने नव्याने काढली असे नाही. अकराव्या शतकातील ‘साकुतेइकी’ या उद्यानरचनेवरील ग्रंथात तिचे नाव येते, आणि दगड रचताना दगडाचीच मागणी काय आहे ते ओळखून त्याप्रमाणे वागावे हा मोठा मार्मिक उपदेशही त्याच ग्रंथात आहे. परंतु तेथवर ती मोठ्या बागेच्या एखाद्या कोपऱ्यातील हौस होती. येथे ती प्रमुख झाली. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत झेन मठांतून ज्या वाळू-दगडांच्या बागा झाल्या, ज्यांतील ऱ्योआन-जीची पंधरा दगडांची बाग सर्वांत प्रसिद्ध आहे, त्यांचे मूळ बहुतेक इतिहासकार या कोरड्या प्रपातापाशी आणून ठेवतात. शेवाळीच्या नादाने येणाऱ्यांची दृष्टी मात्र तळ्यातच अडकून राहते. माझ्या मते या देवळाचे खरे इनाम वर आहे.

मुसोला बागांचा नाद आहे, हा आक्षेप त्याच्यावर हयातीतच घेतला गेला असावा. कारण ‘मुचू मोंदो’ या ग्रंथात त्याने त्याचे सविस्तर उत्तर दिले आहे. ताकाउजीचा धाकटा भाऊ तादायोशी याच्या प्रश्नांना मुसोने दिलेली उत्तरे त्यात आहेत. कोणी वैभव मिरवण्यासाठी बाग करतो, कोणी दुर्मिळ वस्तू जमवण्याच्या हव्यासाने करतो, कोणी मनाला विरंगुळा म्हणून करतो. आणि कोणी असा असतो की डोंगर, नदी, गवत व दगड यांत त्याला आपल्या साधनेहून वेगळे काही दिसत नाही. डोंगर-पाण्यात लाभही नाही आणि हानीही नाही, ती माणसाच्या चित्तात असते, असा त्याचा निष्कर्ष. त्याचा प्रश्नकर्ता तादायोशी पुढे भावाशीच यादवी युद्ध करून हरला आणि १३५२ साली बंदिवासात मेला. मुसो त्याच्या आदल्या वर्षी गेला होता.

त्यानंतरच्या दीडशे वर्षांत साइहो-जी हा एक मानदंड होऊन बसला. शोगुन योशिमित्सूने १३९७ साली किन्काकू, म्हणजे सुवर्णमंडप, बांधावयास घेतला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रुरी-देन होता असे मानले जाते. परंतु या बागेवर सर्वाधिक जीव होता तो त्याचा नातू योशिमासा याचा. तो तेथे वारंवार जाई. त्याच्या मातोश्रींनाही ती बाग पाहण्याची इच्छा होती. पण देवळात स्त्रियांना प्रवेश नव्हता, आणि तो नियम शोगुनच्या आईसाठीही शिथिल होईना. तेव्हा योशिमासाने आपल्या ताकाकुरा वाड्यात साइहो-जीची प्रतिकृती तयार करवून ती आईला दाखवली. पुढे राज्यकारभाराला कंटाळून १४८२ साली त्याने पूर्वेच्या डोंगराखाली आपला निवृत्तिवाडा बांधावयास घेतला तेव्हा पुन्हा नमुना ठरला तो साइहो-जीच: खाली तळे, वर डोंगरउतारावर कोरड्या दगडांची बाग, आणि तळ्याकाठी दुमजली मंडप. हा मंडप म्हणजे आज गिन्काकू, रौप्यमंडप, या नावाने प्रसिद्ध असलेली वास्तू. त्यावर चांदीचा पत्रा कधी चढला नाही, आणि १४९० साली योशिमासा वारला तेव्हा ती पुरती झालेलीही नव्हती. मूळ रुरी-देन आज नाही; नक्कल उभी आहे. मुसोच्या खालच्या बागेचा अदमास घ्यावयाचा तर आता तिच्या प्रतिकृतीकडे जावे लागते, आणि तीही पुढे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत, बरीच बदलली.

या सर्व कामांत दगड कोणी उचलले, हा प्रश्न उद्यानकलेच्या देखण्या ग्रंथांतून फारसा येत नाही. ते काम ‘कावारामोनो’ करीत, म्हणजे नदीच्या पात्रालगत, करमाफ पण पडीक जमिनीवर राहणारे लोक. मेलेली गुरे सोलणे, कातडी कमावणे, विहिरी खणणे, माती ओढणे ही त्यांची वतनदारी. त्यांचा स्पर्श अशुद्ध मानला जाई. मराठी वाचकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. याच लोकांतून योशिमासाचा आवडता उद्यानकार झेन्आमी पुढे आला, आणि तो आजारी पडला असता शोगुनने त्याला औषध पाठवल्याची नोंद मठाच्या रोजनिशीत आहे. त्याचा नातू माताशिरो याने १४८९ साली एका झेन भिक्षूपाशी जे बोलून दाखवले तेही अशाच एका रोजनिशीत टिपलेले सापडते: आपण अशुद्ध घरात जन्मलो याचे त्याला मनस्वी दुःख होते, आणि म्हणूनच जीवहत्या करावयाची नाही व लोभ धरावयाचा नाही असा त्याने नेम केला होता. ऱ्योआन-जीच्या एका शिळेच्या पाठीवर कोणीतरी दोन नावे खोदून ठेवली आहेत. ती अशाच कामकऱ्यांची असावीत असे समजतात. साइहो-जीच्या शिळांवर एकही नाव नाही.

१४६७ साली ओनिन नावाचे यादवी युद्ध पेटले आणि दहा वर्षांत क्योतोची राखरांगोळी झाली. १४६९ मध्ये साइहो-जीही त्यात सापडले. मुसोच्या बहुतेक इमारती भस्मसात झाल्या. अमिताभाची उपासना करणाऱ्या जोदो शिन्शू पंथाचा पुढारी रेन्न्यो याने नंतर जीर्णोद्धारास हात लावला. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास चहाविधीच्या आचार्य सेन नो रिक्यूचा सावत्र पुत्र शोआन याने शोनान-तेइ हे चहागृह बांधले. आवारातील जुन्या वास्तूंत आज हेच सर्वांत महत्त्वाचे. मग कान्एइ काळात, म्हणजे १६२४ ते १६४४ च्या दरम्यान, ओढ्याला पूर आला. गेन्रोकू काळात, १६८८ ते १७०४ च्या दरम्यान, पुन्हा आला. दोन्ही वेळा गाळ, दगड व वाहून आलेली माती खालच्या बागेत पसरली. ती उपसून पांढरी वाळू पुन्हा अंथरावी एवढी ऐपत देवळाची राहिली नव्हती; ज्या आशिकागा शोगुनशाहीने त्याला पोसले ती केव्हाच अस्तंगत झाली होती. झाडे मोकाट वाढली, छाया दाटली, गवताला ऊन मिळेनासे झाले, आणि ओल्या चिकणमातीवर शेवाळी धरू लागली. एदो काळाच्या अखेरीस तिने जम बसवला असे सामान्यतः सांगतात.

त्याच अखेरच्या धामधुमीत, दरबार व एदोची शोगुनशाही यांच्यातील राजकारणात जीव धोक्यात आलेला दरबारी सरदार इवाकुरा तोमोमी काही काळ शोनान-तेइत लपून राहिला होता. पुढे १८७१ साली जपानच्या नव्या सरकारचे थोर शिष्टमंडळ अमेरिका-युरोपात गेले त्याचा नायक हाच. परंतु त्याच्या सरकारने देवालयांवर काही मेहेरनजर केली नाही. मेइजी राजवटीच्या आरंभी देवस्थानांच्या जमिनी सरकारजमा करण्याचे हुकूम निघाले आणि बौद्ध मठांचे उत्पन्न आटले. साइहो-जीची ओढग्रस्त आणखी वाढली. शेवाळीच्या दृष्टीने मात्र याहून अनुकूल राजवट दुसरी नव्हती.

वनस्पती म्हणून ती मोठी विलक्षण आहे. तिला खरी मुळे नाहीत. जमिनीला चिकटून राहण्यापुरते तंतू असतात. पाणी ती पानांनीच पिते, आणि बहुतेक जातींचे पान एका पेशीइतकेच जाड असते. साइहो-जीत विपुल आढळणारी सुगी-गोके ही जात जरा उंच, देवदाराच्या रोपट्यासारखी दिसणारी. हवा कोरडी पडली की तिची पाने मिटून दांड्याला चिकटतात आणि सारा पट्टा तपकिरी, मेल्यासारखा दिसू लागतो, आणि पावसाची एक सर आली की काही मिनिटांतच ती उलगडून पुन्हा हिरवी होतात. जून-जुलैमध्ये ‘त्सुयू’ची, म्हणजे जपानी पावसाळ्याची, झड लागते तेव्हा पाहणाऱ्याला हे प्रत्यक्ष दिसते: सकाळी मळकट वाटलेला उतार दुपारी ओळखू येत नाही. काही जाती फिकट रुपेरी असून गोल गाद्यांसारख्या दगडाला बिलगतात, काही पिवळसर, काही इतक्या गडद की सावलीत काळ्या भासतात. एकशेवीस जातींचा हा हिरवेपणा एकच रंग आहे असे दुरून पाहणाऱ्यालाच वाटते.

आपोआप आलेली ही वनस्पती आपोआप राहत नाही, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. पानगळीच्या दिवसांत मेपलची पाने शेवाळीवर पडून राहिली तर तिचा श्वास कोंडतो व खाली कुजट होऊन ती काळी पडते. म्हणून माळ्यांना ती पाने रोज झाडून काढावी लागतात, आणि तीही बांबूच्या केरसुणीच्या टोकाने, शेवाळी उखडणार नाही इतक्या हलक्या हाताने. गवताचे अंकुर बोटांनी वेचावे लागतात. झाडी फार दाटली तर फांद्या छाटाव्या लागतात, फार विरळ झाली तर ऊन जाळते. हलगर्जीपणाने जी गोष्ट आली ती टिकवण्यासाठी इतका काटेकोर बंदोबस्त ठेवावा लागतो. गिन्काकू-जीत तर एके काळी शेवाळीचे नमुने मांडून त्यांची प्रतवारी लिहून ठेवलेली असे: ही अत्यंत मौल्यवान, आणि ही थोडी अडचणीची. सरकारी कचेरीतल्या ज्येष्ठतायादीची आठवण व्हावी असा तो प्रकार. पण माळ्याला अशी यादी रोज कामी येते.

१९२८ साली बाग सर्वांना खुली झाली, आणि मग जपानी लोकांच्या अभिरुचीतच बदल घडला. १९३४ च्या मुरोतो वादळाने क्योतोच्या कित्येक जुन्या बागांची नासाडी केली. त्यानंतर शिगेमोरी मिरेइ या उद्यानकाराने देशभरच्या बागांची मोजणी करून सव्वीस खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, आणि १९३९ साली तोफुकु-जी मठात स्वतः एक बाग रचली. तीत चौकोनी दगड व शेवाळी सोंगट्यांच्या पटासारखी आलटून पालटून लावलेली आहेत. साइहो-जीत जे अपघाताने झाले ते तेथे जाणूनबुजून, मोजून-मापून केलेले आहे. शेवाळी म्हणजेच जपानी बाग, हा जगाचा समज इतका अलीकडचा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलेल्यांना जपानी बाग म्हणजे विस्तीर्ण हिरवळ, वळणदार ओहोळ व मोकळे आकाश असे वाटत असेल, तर तेही चूक नाही. ते उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकू-एनच्या धर्तीवर झाले ती १७०० साली पुरी झालेली सरदारी बाग आहे, आणि तिचा व मठाच्या बागेचा प्रपंचच वेगळा.

महायुद्धानंतर प्रवासी वाढले. मोटारींच्या व बसगाड्यांच्या रांगा अरुंद रस्त्यावर उभ्या राहू लागल्या, शेजारी वैतागले, आणि पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंची शेवाळी तुडवली जाऊ लागली. १९७७ साली देवळाने एक धाडसी निर्णय घेतला: येईल त्याला तिकीट देणे बंद. तेव्हापासून भेटीसाठी आगाऊ परवानगी मागावी लागते; पुष्कळ वर्षे ती जोडकार्ड पाठवूनच मागत. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी यावे लागते. आणि बागेत जाण्यापूर्वी सभागृहात बसून सूत्राची नक्कल करावी लागते. १९६९ साली बांधलेल्या त्या मुख्य सभागृहाच्या सरकत्या दारांवर चित्रकार दोमोतो इन्शो याची धीट, अमूर्त वळणाची चित्रे आहेत. ठेंगण्या मेजांच्या रांगा, प्रत्येक मेजावर फिकट अक्षरे छापलेला कागद, आणि ती अक्षरे गिरवण्यासाठी कुंचला. पुष्कळ वर्षे येथे प्रज्ञापारमिताहृदयसूत्र उतरवून घेत. हल्ली अवलोकितेश्वराचे एक छोटे सूत्र देतात. हृदयसूत्राच्या अखेरचा मंत्र मूळ संस्कृतचा, चिनी लिपीत केवळ ध्वनी धरून बसवलेला. त्यामुळे गिरवणाऱ्या जपानी माणसालाही त्याचा शब्दार्थ लागत नाही. कागदावर नाव-गाव व मनातली इच्छा लिहून तो बुद्धापुढे ठेवावयाचा, मग बागेची वाट.

या व्यवस्थेवर टीका होते. इतर प्रसिद्ध देवळांत काही शे येनमध्ये प्रवेश मिळतो, येथे काही हजार द्यावे लागतात; लहान मुलांना तर घेतच नाहीत. ज्या बागेत शोगुनच्या आईला मज्जाव होता तेथे आता पैशाने व वयाने मज्जाव होतो, असेही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि शेवाळीवर गर्दी सोडून द्यावयाची आणि नंतर तिचे फोटो विकावयाचे, या दुसऱ्या मार्गाचा परिणाम काय झाला असता हे सांगायला नको. १९९४ साली प्राचीन क्योतोच्या सतरा स्मारकांत साइहो-जीचा जागतिक वारसा म्हणून समावेश झाला, तेव्हा गर्दीला आवर घालणारी व्यवस्था तेथे आधीपासूनच रुळलेली होती.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो विचारण्याचे धाडस फारसे कोणी करत नाही. वास्तुसंवर्धनातील एक जुना दृष्टिकोन असा की मूळ कर्त्याची योजना शोधून काढावी आणि नंतरची पुटे दूर करावीत. त्या न्यायाने येथे शेवाळी खरवडून, झाडी तोडून, पांढरी वाळू पसरून चेरीची झाडे लावली पाहिजेत. जपानी सरकारने हे आवार ऐतिहासिक स्थळ म्हणूनही संरक्षित केले आहे आणि विशेष निसर्गसौंदर्याचे स्थळ म्हणूनही. पहिल्या नात्याने मुसोची बाग महत्त्वाची, दुसऱ्या नात्याने तिला झाकून टाकणारी हिरवाई. मुसोची वाळू अजून खाली कोठे असलीच तर ती दोन पुरांच्या गाळाखाली आहे, आणि गाळावर शेवाळी आहे. ती उकरण्याची परवानगी कोणी मागितलीच तर संरक्षित स्थळाचा एक दर्जा ती द्या म्हणेल आणि दुसरा देऊ नका म्हणेल. देवळाने तसा अर्ज करण्याचा संभव मला तरी दिसत नाही. त्यांच्याकडे येणारे अर्ज दर्शनाचे असतात, आणि २०२१ पासून ते ऑनलाइनही घेतात.